वॉकर, फुलर, टकर : एका धंद्याची तीन आडनावे

'वॉकर' हे इंग्रजी आडनाव 'चालणारा' या अर्थाने पडले असावे काय, आणि तसे असल्यास या मंडळींचे पूर्वज पायी निरोप पोहोचवणारे जासूद होते असे मानावे काय, अशी पृच्छा आहे. जासूदांशी या आडनावाचा काही संबंध नाही. पायांशी मात्र आहे, कारण हे पाय कापडाने भरलेल्या हौदात चालत.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लोकरीचे कापड मागावरून उतरे तेव्हा ते विरळ आणि तेलकट असे. ते भिजवून, त्यात शिळे मूत्र किंवा एक प्रकारची चिकणमाती घालून तासन्‌तास तुडवीत. त्याने तेल निघून जाई आणि लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून कापड आटे, दाट होई. ही माती म्हणजे आपल्याकडच्या मुलतानी मातीचीच जात असून इंग्रजीत तिला आजही 'फुलरची माती' म्हणतात. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाण्याच्या चाकावर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले, तरी धंद्याचे नाव बदलले नाही. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घुसळणे असा होता आणि त्यावरून कापड तुडवणारा तो 'वेआल्करे'. 'पायी चालणे' हा अर्थ त्या क्रियापदाला पुढे चिकटला.

याच कारागिराची आणखी दोन नावे होती. 'फुलर' हे लॅटिन 'फुल्लो'वरून आले, तर 'टकर' ज्या क्रियापदावरून आले त्याचा मूळ अर्थ छळणे असा आहे, आणि कापडाचे एकंदर हाल पाहता तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या, विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या प्रेरणेने झालेल्या बायबल अनुवादात मार्कच्या शुभवर्तमानात 'फुलर, अथवा कापडाचा वॉकर' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत, कारण एका भागातला शब्द दुसऱ्या भागात समजेलच अशी खात्री नव्हती.

प्रसाराची खरी मेख इथेच आहे. आडनावे पिढीजात होण्याची प्रक्रिया मुख्यतः बाराव्या ते चौदाव्या शतकांत घडली, आणि त्या वेळी ज्या भागात जो शब्द बोलला जात होता तोच तिथल्या घराण्यांना लागला : उत्तरेत आणि मध्य इंग्लंडमध्ये वॉकर, आग्नेयेला व पूर्वेला फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट या परगण्यांत टकर. एक्सेटर शहरातील विणकर व कापड तुडवणाऱ्यांच्या संघाची १४७१ची वास्तू 'टकर्स हॉल' म्हणूनच ओळखली जाते, आणि कॉर्नवॉलमध्ये 'टकिंगमिल' नावाचे गावच आहे. इतक्या शतकांनंतर, १८८१च्या जनगणनेतही वॉकर यॉर्कशायरमध्ये आणि टकर डेव्हनमध्ये दाटीने सापडतात. इंग्लंडमधील पहिल्या वीस आडनावांत वॉकर बसते, बाकीची दोन बरीच मागे आहेत. माझ्या मते याचे कारण धंद्याच्या भरभराटीपेक्षा त्या बोलीचा प्रदेश विस्तीर्ण होता आणि स्कॉटलंडच्या सखल भागातही तोच शब्द चालत होता, हे आहे.

चालणाऱ्याची कल्पना रूढ होण्यास स्कॉटलंडमधील किल्मारनॉक गावच्या जॉन वॉकर या किराणा व्यापाऱ्याच्या नावाची व्हिस्कीही कारणीभूत असावी, कारण तिच्या बाटलीवर १९०८ पासून झपझप चालणारा गृहस्थ आहे. बद्रुद्दीन काझी यांना गुरुदत्त यांनी 'जॉनी वॉकर' हे पडद्यावरचे नाव दिले, तेही या व्हिस्कीवरूनच.

तरीही प्रत्येक वॉकर वा टकर कापडवाल्याचाच वंशज, असे समजू नये. राजाच्या राखीव अरण्यात गस्त घालणाऱ्या रखवालदारालाही 'वॉकर' म्हणत, तेव्हा एखाद्या घराण्यापुरते पृच्छकाचे 'चालणारा' हे अनुमान खरे ठरू शकते. आयर्लंडमधील काही टकर हे मूळच्या गेलिक आडनावाचे इंग्रजी रूप आहे, तर अमेरिकेतील काही वॉकर जर्मन आहेत. गंमत अशी की त्या जर्मन वॉकरचाही मूळ धंदा कापड तुडवण्याचाच.