साठी उलटलेल्या स्टॅलोनने २००८ च्या ‘रॅम्बो’त एवढा रक्तपात का दाखवला? या वयात असे सिनेमे करणं शोभतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की पहिले तीन भाग तुम्ही आवडीने पाहिलेत, चौथा मात्र अर्ध्यातच बंद केलात. पाचवा बघावा का, हेही विचारलंय. मी एरवी सिनेमाच्या प्रश्नांना उत्तरं देत नाही. पण ‘या वयात शोभतं का’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. हेच शब्द आमच्या घरात एकदा बोलले गेले आणि एक चालती भट्टी कायमची विझली.

आधी सिनेमाचं सांगतो. तिसरा भाग १९८८ चा. चौथा आला २५ जानेवारी २००८ ला. मध्ये वीस वर्षं गेली. स्टॅलोन १९४६ चा, म्हणजे तेव्हा ६१ वर्षांचा, आणि दिग्दर्शनही त्याचंच. रॅम्बोचा जुना लष्करी अधिकारी कर्नल ट्राउटमन झालेला नट रिचर्ड क्रेना २००३ मध्ये गेला होता, संगीतकार जेरी गोल्डस्मिथ २००४ मध्ये. रॅम्बोला आपलं म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं आणि सिनेमा ते मान्य करून सुरू होतो. तो थायलंडमध्ये राहतो, साप पकडून विकतो, होडी चालवतो, विचारल्याशिवाय बोलत नाही. अख्ख्या सिनेमात एकदाही शर्ट काढत नाही. आधीच्या भागांतलं ते उघडं, तेल लावल्यासारखं चकाकणारं शरीर आठवा, म्हणजे हा निर्णय केवढा मोठा आहे ते कळेल.

आता रक्तपात. १९८२ च्या पहिल्या सिनेमात फक्त एक माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. २००८ च्या सिनेमात मोजणाऱ्यांनी २३६ मोजलेत. तुम्हाला हा आकडा खटकतो. मला खटकतात ते दुसरा आणि तिसरा भाग. त्यांत माणसं नुसती कोसळतात, पुन्हा दिसत नाहीत, आणि आपण पॉपकॉर्न खात राहतो. चौथ्या भागात जीपवरची ती अवजड मशीनगन चालते तेव्हा समोरच्या माणसाचं खरोखर काय होतं ते बघावं लागतं. तुम्ही सिनेमा बंद केलात, कारण मरण तुम्हाला पहिल्यांदाच मरणासारखं दिसलं. दिग्दर्शकाचं काम तिथे झालेलं आहे.

शिवाय हे सगळं घडतं ती जागा, म्हणजे थायलंडच्या शेजारचा ब्रह्मदेश, काल्पनिक नाही. तिथल्या कारेन या अल्पसंख्य लोकांचा सरकारविरुद्धचा सशस्त्र लढा १९४९ पासून चालू आहे. सिनेमा येण्याच्या चारच महिने आधी, सप्टेंबर २००७ मध्ये, तिथले बौद्ध भिक्षू रस्त्यावर उतरले होते आणि लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. सिनेमाची सुरुवातच खऱ्या बातम्यांच्या चित्रणाने होते. त्यानंतर सैनिक भाताच्या खाचरात सुरुंग फेकतात, पकडलेल्या गावकऱ्यांना त्यातून पळायला लावतात आणि कोण पोहोचतो यावर पैजा लावतात. पाण्याला हात लागेल अशा अंतरावरून आपण ते बघतो. तिथल्या सरकारने सिनेमावर बंदी घातली, आणि चोरट्या डीव्हीडी तरीही हातोहात फिरल्या. खलनायक मेजर झालेला नट स्वतः एकेकाळी कारेन लढवय्या होता. अशा विषयावर स्वच्छ, कमी रक्ताचा सिनेमा काढला असता तर ते खोटं झालं असतं.

आता आमच्या घरातलं.

आमचा लोहारकामाचा धंदा. अण्णांनी चाळीस वर्षं भट्टी चालवली. लहानपणी भाता ओढायला मी असायचो, घण मारायला दादा. पुढे दादाला नोकरी लागली, मीही शिकून बाहेर पडलो, अण्णा मात्र विळे, कोयते, कुऱ्हाडी करत राहिले. २०१२ मध्ये अण्णा ६१ चे झाले आणि दादाने ठरवलं की आता बस. तो अण्णांसमोरच म्हणाला, “या वयात घण उचलणं शोभतं का? लोक आम्हाला नावं ठेवतात.” अण्णा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय. आठवडाभरात ऐरण भंगारात गेली. चार जणांनी मिळून ती टेम्पोत चढवली. ती होती तिथे जमिनीत चौकोनी खड्डा पडलेला होता. अण्णांनी तो स्वतः मातीने बुजवला.

त्याच वर्षी दिवाळीला मी लॅपटॉपवर हा सिनेमा लावला होता. दादाही खोलीत होता. सुरुंगाच्या दृश्यालाच तो उठला. जाता जाता म्हणाला, “म्हाताऱ्याने घरी बसावं, कसली ही मारामारी.” अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांना इंग्रजी येत नाही, खाली मराठी अक्षरंही नव्हती. मी अधूनमधून सांगत होतो.

मग ते दृश्य आलं. ब्रह्मदेशाच्या सैनिकांनी पळवून नेलेल्या मिशनऱ्यांना सोडवायला भाडोत्री सैनिकांना नदीपार घेऊन चल, असं रॅम्बोला कुणी सांगून गेलंय. रात्री त्याला जुनी स्वप्नं पडतात. (त्यात पहिल्या सिनेमाच्या वगळलेल्या शेवटाचे तुकडे आहेत. डेव्हिड मॉरेलच्या १९७२ च्या मूळ कादंबरीत रॅम्बो मरतो, सिनेमासाठीही तसं चित्रण झालं होतं, पण प्रेक्षकांना न रुचल्याने ते काढलं.) आणि मग तो भट्टीपाशी उभा राहून लोखंड ठोकायला लागतो. स्वतःसाठी पातं घडवतो.

अण्णा पुढे सरकले. म्हणाले, “मागे घे.” मी मागे घेतलं. पुन्हा म्हणाले, “मागे घे.” तीन वेळा पाहिलं. मी विचारलं, काय बघताय एवढं? ते म्हणाले, “लाल आहे तोवरच मारतोय. काळं पडल्यावर मारलं की चीर जाते. कुणीतरी शिकवलंय त्याला.” पातं तयार झालेलं दिसल्यावर म्हणाले, “पॉलिश नाही केलं. मुठीला नुसती दोरी. हे कुणाला दाखवायला केलेलं नाही.”

मालिकेतली आधीची हत्यारं आठवा. पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मूठ, मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत काडेपेटी आणि सुईदोरा. त्या सुरीच्या प्रतिकृती जगभर विकल्या गेल्या. चौथ्या भागातलं पातं म्हणजे जाड, ओबडधोबड लोखंड, कोयत्याच्या जातीचं. म्हातारपणाबद्दल त्या सिनेमाला जे म्हणायचंय ते सगळं त्या पात्यात आहे. नटवेपणा गेला, काम उरलं. हे मला अण्णांनी दाखवलं. नाहीतर मीही २३६ मोजत बसलो असतो.

सिनेमा संपला तेव्हा अण्णांनी विचारलं, “ऐरण कुठल्या भंगारवाल्याला दिली रे?” मी दुसऱ्या दिवशी गेलो. ती वितळवायला रवाना झाली होती.

म्हणून ‘शोभतं का’ या प्रश्नाचा मला राग येतो. माणसाला काम झेपतंय का, हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर त्याने स्वतः द्यायचं असतं. शोभतं का, हा बघणाऱ्यांचा प्रश्न. त्यांना स्वतःचा संकोच वाचवायचा असतो. ६१ वर्षांच्या नटाने लिहावं, दिग्दर्शन करावं, चिखलात लोळावं, आणि आपण त्याला घरी बस म्हणावं, हा अधिकार आपल्याला दिला कुणी?

आता तुमच्या उरलेल्या प्रश्नांकडे येतो. चौथा पुन्हा बघा, पण त्याआधी १९८२ चा पहिला बघा. मधले दोन वगळलेत तरी बिघडत नाही. पहिल्याच्या सुरुवातीला लष्करी जाकीट घातलेला, खांद्यावर बोचकं घेतलेला रॅम्बो मित्राच्या घराकडे चालत येतो आणि तो मित्र मेलेला असतो. चौथ्याच्या शेवटी तसाच पोशाख, तसंच बोचकं, आणि तो ॲरिझोनात वडिलांच्या घराच्या कच्च्या रस्त्याने चालत जातो. टपालपेटीवर आर. रॅम्बो लिहिलेलं असतं. हे दोन सिनेमे पाठोपाठ पाहिले की वर्तुळ पूर्ण होतं. २०१९ चा पाचवा पाहू नका. त्यात निव्वळ सूड आहे, आणि खुद्द मॉरेलने त्याच्याशी आपलं नाव जोडलं जाण्याची लाज वाटते असं जाहीरपणे म्हटलंय. म्हणजे वय वाढलं की सिनेमा आपोआप चांगला होतो, असं माझं म्हणणं नाही.

आणखी तीन गोष्टी, नाहीतर अप्रामाणिकपणा होईल. मुलांना हा सिनेमा दाखवू नका. गावावरच्या हल्ल्यात लहान मुलंही मरताना दिसतात. शिवाय स्टॅलोनचं ते शरीर नुसत्या व्यायामाचं समजू नका. ग्रोथ हॉर्मोन, म्हणजे स्नायू वाढवायला घेतात ते संप्रेरक, ऑस्ट्रेलियात आणल्याबद्दल २००७ मध्ये सिडनीच्या न्यायालयाने त्याला दंड केला होता. आणि कारेन लोक सिनेमाभर बरेचसे असहाय दिसतात, त्यांचे लढवय्ये शेवटी शेवटी येतात. १९४९ पासून स्वतः लढणाऱ्यांवर हा अन्यायच आहे.

दादाचंही एक सांगायला हवं. अण्णांचा उजवा खांदा तेव्हा खरंच दुखत होता आणि दवाखान्याचा सगळा खर्च दादानेच केला. त्याची काळजी खोटी नव्हती. पण खांद्यासाठी घण बंद करता आला असता, हातोडी चालू ठेवता आली असती. धार लावणं, मुठी बसवणं, विळ्यांना दाते पाडणं, यांना घण लागत नाही. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

दादा, तू इथे माझी उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. अण्णा पंचाहत्तरीला आलेत. गेल्या महिन्यात शेजारच्या पोराचा कोयता हातात घेऊन बराच वेळ त्याच्या धारेवर अंगठा फिरवत बसले होते. मी एक छोटी ऐरण बघून ठेवली आहे. त्यांची सांडशी आणि लहान हातोडी तुझ्या माळ्यावर निळ्या पेटीत आहे. येशील तेव्हा घेऊन ये.