सिकलसेल आहे, फिरतीची नोकरी सोडू का?

परवा एका आईचा फोन आला. मुलीला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे, एसएस पॅटर्न (म्हणजे आई-वडील दोघांकडूनही आलेला), वय 23, आणि तिला नुकतीच औषध कंपनीत फिरतीची नोकरी लागलीय. "मॅडम, पाठवू का नको? आमच्या घरी सगळे म्हणतात की फिरती म्हणजे मरण आहे तिचं." मी सिकलसेलवाल्यांची समुपदेशक, असे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात, नागपुरात बसते म्हटल्यावर येणारच, भंडारा गोंदिया गडचिरोली चंद्रपूर सगळीकडून माणसं इथेच येतात. पूर्वी मी पटकन सल्ला द्यायचे. आता देत नाही. त्याचं कारण एक पोरगा आहे. त्याला विचारून आणि ओळख पटेल ते सगळं बदलून लिहितेय. घरात थोरला म्हणून सगळे त्याला दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दादा 27 वर्षांचा, बियाण्यांच्या कंपनीत फील्डवर. वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात बाइकवर फिरायचं, कृषी केंद्रवाल्यांना भेटायचं, शेतात प्लॉट बघायचे, आणि महिन्यातून एकदा पुण्याला मीटिंग. खुर्चीत नीट बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, नोकरी सोडू का नको, तेवढंच सांगा. बाकी मले सगळं माहीत आहे." चार महिन्यांत पाच वेळा दुखणं उठलं होतं, दोनदा भरती व्हावं लागलं होतं, सुट्ट्या संपल्या होत्या आणि ऑफिसात कधी टायफॉइड, कधी पाठ धरली, कधी आजी वारली असं सांगून झालं होतं. आजी दोनदा वारली, हे त्यानंच हसत सांगितलं.

खरं सांगते, माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, की बाबा बैठं काम बघ. घरचेही तेच म्हणत होते, वडील गावात किराणा दुकान टाकून द्यायला तयार होते. पण मी सहज विचारलं की याआधी काय करत होतास, तर म्हणाला कॉल सेंटरला होतो, नाइट शिफ्ट, आठ महिने. आणि तिथे? तिथे तर याहून जास्त वेळा भरती झालो! रात्रभर जागरण, डोक्यावर एसी, आणि सीटवरून उठलं की सुपरवायझर घड्याळ बघायचा. म्हणजे बैठं काम करूनही झालं होतं. मग मी सल्ला गिळला आणि त्याला म्हटलं, आधी आठ आठवडे डायरी लिही.

कंपनीचीच डायरी होती त्याच्याकडे, कापसाचं बोंड छापलेली. रोज किती पाणी प्यायलास ते बाटल्यांच्या हिशोबात, किती तास झोपलास, थंडी लागली का, भिजलास का, गोळी घेतलीस का, आणि दुखत असेल तर दहापैकी किती, एवढंच लिहायचं. पहिल्या दोन आठवड्यांत अर्धी पानं कोरी होती, रागावले नाही, पुन्हा दे म्हटलं.

डायरीत जे निघालं ते त्यालाही पटेना. त्याला वाटायचं उन्हातान्हात बाइकवर फिरल्यामुळे होतं. पण मे महिन्यात, 44-45 डिग्रीत, फील्डवरच्या दिवसांत तो ठीक होता. पाच लिटरचा कॅन बाइकला बांधलेला, ज्याच्या शेतात जाईल तो आधी पाण्याचा गडवा पुढे करणार, पहाटे सहाला निघून अकराच्या आत काम संपवायचं आणि दुपारी सावली धरायची. म्हणजे ऊन सोसतं असं नाही हं, दुपारी एकला कॅनशिवाय फिरला असता तर पडलाच असता. पण ते तो सांभाळत होता. दुखणं उठायचं ते पुण्याहून परतल्यावर, एक-दोन दिवसांच्या आत. आधीच्या पाचपैकी चार वेळाही त्यानं आठवून सांगितलं तेव्हा तसंच होतं. आई म्हणायची पुण्याची हवा मानवत नाही, आजी (जी जिवंत आहे, ठणठणीत) म्हणायची नजर लागते.

पुण्याचा प्रवास म्हणजे रात्रीची एसी ट्रॅव्हल्स, 12-14 तास. डायरीत त्या दिवसांपुढे पाण्याच्या रकान्यात काय होतं माहितीये? अर्धी बाटली. कधी कधी नुसती रेघ.

मी विचारलं हे काय रे. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मॅडम, पाणी पेलं का लघवीले लागते. ट्रॅव्हल्सवाला रातच्यानं एकदाच थांबवते, तेही त्याच्या ठरलेल्या ढाब्यावर. एकदा मी मधात थांबवाले लावली तं डायवर केवढ्यानं ओरडला, सगळी गाडी हासली." त्या दिवसापासून तो प्रवासाच्या दिवशी दुपारी चारनंतर पाणीच प्यायचा नाही. वर एसीचा झोत, पांघरूण पातळ, झोप अर्धवट, पुण्यात दिवसभर मीटिंग, रात्री सगळ्यांबरोबर बसायचं म्हणून दोन बिअर, आणि त्याच रात्री परत तीच गाडी. पुढे दुखलं नसतं तरच नवल.

इथे थोडं आजाराबद्दल सांगते, कारण घरच्यांनाही हे माहीत नसतं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच वेगळं असतं, ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, फार दमलं की हे जास्त होतं, आणि त्या कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढे रक्त जात नाही, तिथे दुखतं. पाणी प्या पाणी प्या हे सगळे सांगतात. पण किडनीचं कोणी सांगत नाही. या आजारात किडनीला लघवी घट्ट करायला जमत नाही, म्हणून लघवी जास्त आणि पातळ होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. म्हणजे पाणी बंद केलं तरी लघवी फारशी कमी होत नाही, अंगातलंच पाणी जात राहतं. दादा लघवी टाळायला पाणी तोडत होता आणि होत होतं ते भलतंच.

हे त्याला डॉक्टरांनी नीट समजावलं (मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, त्यामुळे असलं काही असलं की मी रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवतेच) आणि तो परत आला तेव्हा पहिल्यांदा रडला. आश्रमशाळेत चौथी-पाचवीत असताना तो अंथरूण ओलं करायचा. रोज सकाळी सतरंजी खांद्यावर टाकून सगळ्यांसमोर उभं करायचे. आणि रात्रीचं पाणी बंद! संध्याकाळी जेवल्यावर पाणी प्यायचं नाही हा नियम त्याला वयाच्या दहाव्या वर्षी लागला आणि 27 व्या वर्षीही तो पाळतच होता. "म्हणजे ते आजारामुळे होतं? माझी चूक नव्हती?" असं त्यानं मला तीनदा विचारलं.

मला वाटतं आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न नोकरी आणि प्रवास हा दिसतो खरा, पण आत लपवण्याचा असतो. दादा हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल (सिकलसेलचं नेहमीचं औषध) फील्डवर खायचा आणि टूरवर बुडवायचा, कारण लॉजवर रूम शेअर असते, सोबतचा विचारेल कसली गोळी. एसटीत सिकलसेलवाल्यांना सवलत आहे, ती त्यानं कधी घेतली नाही, कंडक्टर मोठ्यानं विचारेल म्हणून. 2023 च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आणि कार्ड वगैरे, चांगलंच आहे, पण ते कार्ड पाकिटाच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात जातं, त्याचं काय करायचं? त्यात आमच्याकडे या आजाराला जातीचा वास लावून ठेवलाय लोकांनी. अरे, विदर्भात आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, ओबीसींतही आहे, रक्ताला कुठली जात कळते! पण लग्नाच्या बाजारात हे बोललं की दार बंद, म्हणून घरचेच शिकवतात की कुणाला सांगू नको. (लग्नाआधी दोघांची तपासणी हवीच, तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे, इथे नको.)

मग ऑफिसात सांगायचं का? यावर मी कुणालाही सरसकट हो म्हणत नाही. खाजगी नोकरी आहे, उद्या काढून टाकलं तर मी काही पगार देणार नाहीये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहे, सिव्हिलमधून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढता येतं, ते मी काढायलाच लावते. पण सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण या रक्ताच्या आजारांना लागू नाही, हेही आधीच सांगते, कारण पोरं त्या आशेवर तीन-तीन वर्षं क्लास लावून बसतात.

दादाला म्हटलं, सगळ्यांना नको, एकाला सांग. आणि आजाराची गोष्ट सांगत बसू नको, काय पाहिजे ते सांग. आम्ही दोन वेळा प्रॅक्टिस केली, मी त्याचा एरिया मॅनेजर झाले आणि मुद्दाम खवचट बोलले. शेवटी त्यानं जे सांगितलं ते असं: "सर, मला रक्ताचा जन्मजात आजार आहे, लागणारा नाही. काम जमतं, टार्गेट तुम्ही बघताच. फक्त पुण्याला मी ट्रॅव्हल्सऐवजी ट्रेननं येईन, एक दिवस आधी निघेन आणि मीटिंग झाल्यावर रात्र तिथेच झोपून दुसऱ्या दिवशी निघेन." स्लीपरचं तिकीट एसी ट्रॅव्हल्सहून स्वस्त, त्यामुळे त्या एका रात्रीच्या लॉजची सोय लागत होती. मॅनेजर काही फार प्रेमानं वागला नाही हं. "आधी सांगायचं होतं, घेतलंच नसतं" असंही बोलला, ते दादाला लागलं, आठवडाभर झोपला नाही. पण ट्रेनला हो म्हणाला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या आत बाइकवर निघायचं नाही हे मात्र मान्य झालं नाही, त्यासाठी दादानं हातमोजे, कानटोपी आणि आतून थर्मल असा स्वतःचाच बंदोबस्त केला, आणि पावसाळ्यात डिकीत कोरडे कपडे.

ट्रेन का, तर संडास आहे, उठून फिरता येतं, आणि नॉन-एसी स्लीपर असला की खिडकी आपल्या हातात. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस रडतखडत जाते, पण त्याला तीच आवडते.

पिशवीत काय असावं हे विचारलं जातं म्हणून सांगते. डॉक्टरांचं एक पानी पत्र, लेटरहेडवर, ज्यात एसएस आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दुखलं तर काय द्यायचं हे लिहिलेलं असेल. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण विदर्भाबाहेरच्या कॅज्युअल्टीत रात्री दोनला एक धडधाकट दिसणारा पोरगा "खूप दुखतंय, इंजेक्शन द्या" म्हणाला की त्याला नशेडी समजतात, दादाला एका ठिकाणी हे ऐकावं लागलं होतं. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये. औषधं दोन ठिकाणी, अर्धी खिशातल्या पिशवीत, अर्धी बॅगेत. थर्मामीटर. चादर घरची, जाड. आणि ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं, दम लागला, एक बाजू लुळी पडल्यासारखी झाली तर घरी पोचल्यावर बघू असं करायचं नाही, पुढच्या स्टेशनला उतरायचं. पुरुषांसाठी आणखी एक, जे कुणी बोलत नाही: लिंग ताठ होऊन दुखत राहिलं आणि तासन् तास उतरलं नाही तर तीही इमर्जन्सी आहे, लाजून सकाळची वाट बघू नका.

कॅप्सूलबद्दल त्याच्या डोक्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचं होतं, की ती खाल्ली की मूलबाळ होत नाही. मी त्यावर मत दिलं नाही, डॉक्टरांना थेट विचारायला लावलं, त्यांनी सांगितलं की लग्न ठरलं की आधी ये, तेव्हा बोलू, तोपर्यंत न बुडवता घे आणि रक्त तपासत राहा. आता लॉजवर कोणी विचारलं तर तो "रक्ताची गोळी आहे" एवढंच म्हणतो आणि लोक दुसरं काही विचारत नाहीत. इतकी वर्षं उगाच घाबरलो म्हणाला.

दुखणं बंद झालं का? नाही. डायरी सुरू केल्यापासून वर्षभरात दोनदा उठलं, एकदा व्हायरल तापात, एकदा बहिणीच्या लग्नात, काही केलं नसताना, आणि त्या दुसऱ्या वेळी तो फार खचला होता की सगळं पाळूनही काय उपयोग. हे असं होतं, आणि ते मी आधीच सांगते, नाहीतर पोरं डायरी फेकून देतात.

मध्ये त्याचा फोन आला होता की टार्गेट केलं म्हणून कंपनी लेहला नेतेय, विमानानं, जाऊ का? विमानाचं डॉक्टरांना विचारून बघता आलं असतं, आत हवेचा दाब राखलेला असतो, पण लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे हवाच विरळ आणि वरून थंडी. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. दादा दोन दिवस चिडला आणि मग कंपनीकडून त्याबदली मिक्सर घेऊन आला, आजी खूश.

त्या आईला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मुलीलाच घेऊन या म्हटलंय, आणि येताना ती प्रवासात किती पाणी पिते ते मोजून आणा. मुलींचं तर याहून अवघड आहे, दिवसभर बाहेर आणि संडासाचा पत्ता नाही.

दादाला विचारलं, तिला काय सांगू? तो म्हणाला, "ट्रेनमध्ये संडासाजवळचा बर्थ मागाले सांगा, मॅडम. लोकं नाक दाबून बसून असते तिथं. बदलता का म्हटलं का लगेच उठते, वरून थँक्यू म्हणते."