स्किझोफ्रेनियामध्ये मेंदू आवाज वेगळ्या पद्धतीने ऐकतो का?

हो. कान बहुधा ठणठणीत असतात, फरक पडतो तो आवाज मेंदूत पोचल्यावर.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारं यंत्र, लावून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन 'टिक' ऐकवतात. पहिल्या टिकनंतर साधारण ५० मिलिसेकंदांनी एक छोटी लहर उमटते. दुसऱ्या टिकला ती एरवी बरीच दबते, कारण मेंदूच्या लेखी ते आताच ऐकून झालेलं असतं. स्किझोफ्रेनियात ती सरासरीने कमी दबते. पंख्याची घरघर, शेजारची कुजबुज मागे सारणं जड का जातं, याचा थोडा उलगडा इथे होतो.

एकसारख्या बीपमध्ये मधेच वेगळा बीप आला, तर १०० ते २५० मिलिसेकंदांत उमटणारी 'चाहूल लागल्याची' लहरही लहान असते. ग्लुटामेट हे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन; त्याचा निरोप घेणारे एनएमडीए रिसेप्टर केटामिन हे भुलीचं औषध अडवतं. केटामिनने निरोगी माणसातही ती लहर घटते, म्हणून संशय ग्लुटामेटवर आहे.

नसलेले आवाज ऐकू येण्याच्या भासाचं म्हणाल, तर बोलताना मेंदू श्रवणकेंद्राला 'हा माझाच आवाज' अशी आगाऊ सूचना देतो. ती क्षीण झाली की मनातलं बोलणं परकं वाटत असावं, हे एक प्रमुख स्पष्टीकरण. भास होताना श्रवणाशी निगडित भाग खरोखर सक्रिय दिसू शकतात, तेव्हा 'उगाच काहीतरी ऐकतोस' असं कृपया म्हणू नका.

या चाचण्यांवरून एकट्या व्यक्तीचं निदान मात्र होत नाही.