ओ-टूचा पंप बसवण्याआधी

रेल्वे मॉडेलसाठी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचं ओ-टू टँक इंजिन (पाण्याच्या टाक्या स्वतःवरच असलेलं वाफेचं इंजिन) निवडलंस, फार छान! पण घाईनं मुख्य भूमीवरच्या इंजिनांचे फोटो समोर ठेवू नकोस. तिकडे बहुतेक ठिकाणी व्हॅक्यूम ब्रेक, म्हणजे निर्वातावर चालणारा. बेटावर मात्र 1966 मध्ये वाफेची इंजिनं थांबेपर्यंत वेस्टिंगहाउस कंपनीचा, दाबलेल्या हवेवर चालणारा एअर ब्रेक टिकला.

स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या, धूर जमणाऱ्या भागाच्या) बाजूला या ब्रेकसाठी हवा दाबणारा उभा पंप दिसतो ना, तो नीट बघ. वरच्या सिलिंडरमध्ये वाफ, खालच्यात हवा दाबली जाते. ती साठवायची टाकी पाण्याच्या टाकीवर आडवी. पंपाला वाफेची नळी येते, ती विसरलास तर पंप नुसता चिकटवल्यासारखा दिसेल. नवशिके हमखास तिथेच चुकतात.

जमलं तर बेटावरच्या हेवनस्ट्रीट स्टेशनला जाऊन जतन केलेलं ओ-टू इंजिन डब्ल्यू-24 ‘कॅलबोर्न’ प्रत्यक्ष बघ.