फॅट कमी लागते म्हणून संस्था सोडावी का?

प्रश्न : माझ्याकडे दोन म्हशी आहेत. गावातील सहकारी संस्थेत सकाळच्या दुधाला फॅट कमी लागते, संध्याकाळी मात्र त्याच म्हशींचे दूध चांगले भरते. एक गवळी फॅट न पाहता लिटरमागे ठरीव दर देण्यास तयार आहे. संस्था सोडावी का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : सकाळ-संध्याकाळचा हा फरक बहुधा मोजणाऱ्याचा नसून वेळेचा असतो. संध्याकाळच्या धारेपासून सकाळच्या धारेपर्यंत जास्त तास जात असतील, तर सकाळी दूध वाढते आणि फॅट उतरते. शिवाय सर्वाधिक फॅट शेवटच्या धारांत असते; त्यामुळे रेडकाला अखेरीस सोडत असाल, तर दुधातील सर्वात कसदार भाग त्याच्या पोटात जातो. त्याला आधी पाजावे आणि कास पूर्ण मोकळी करावी. नुसत्या ओल्या चाऱ्यावर किंवा पेंडीवर भर असेल, तर कडब्यासारखी सुकी वैरण वाढवावी, कारण फॅट तयार होण्यासाठी तंतुमय चारा लागतो.

तरीही शंका राहिली, तर नमुना कसा घेतला जातो ते स्वतः उभे राहून पाहावे. साय वर येत असल्याने दूध नीट न ढवळता घेतलेला नमुना खोटा आकडा दाखवतो. दूध ढवळूनच नमुना घ्या, असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

ठरीव दरात पाणी घातलेल्या आणि कसदार दुधाला एकच भाव मिळतो, म्हणजे म्हशीची निगा राखणाऱ्याचेच नुकसान होते. व्यापारी ठरवेल तो भाव घ्यावा लागत असल्यामुळेच गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी 1946 साली त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला दूध संघ (पुढचा 'अमूल') उभारला. आपल्याकडे कोल्हापूरचा 'गोकुळ' दूध संघ 1963 पासून उभा आहे आणि तेथील उत्पादक दिवाळीआधीच्या दरफरकाची, म्हणजे वर्षाच्या हिशेबानंतर दुधामागे मिळणाऱ्या जादा रकमेची, वाट पाहतात. म्हणून तुलना रोजच्या दराशी न करता वर्षभराच्या हिशेबाशी करावी : दहा दिवसांचे बिल, दरफरक, पशुखाद्य, कृत्रिम रेतन आणि जनावर आजारी पडल्यावर मिळणारा डॉक्टर. दोन म्हशींच्या घरात एक म्हैस आटली की ठरलेल्या दिवशी येणाऱ्या बिलावरच किराणा चालतो, हे आपण जाणताच. मात्र आपल्या संस्थेत यांतील काहीच मिळत नसेल, तर केवळ सहकाराच्या नावाखातर तेथे दूध घालत राहा, असे मी म्हणणार नाही.

दर्जाची जबाबदारी मात्र दोन्हीकडची आहे. संकलन केंद्रातील कूलर दूध चार अंशांपर्यंत थंड करतो, परंतु आधी वाढलेले जंतू त्याने मरत नाहीत आणि एका घरचे खराब दूध सगळ्या गावच्या दुधात मिसळते. कास धुऊन कोरडी करावी, धार काढल्यावर दूध लगेच पोचवावे आणि दगडीवर (कासेच्या सुजेवर) प्रतिजैविकाची सुई दिली असल्यास डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये.

महिनाभर दोन्ही वेळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) वहीत लिहून ठेवावे. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घेणे संस्थेवर बंधनकारक आहे. ती वही घेऊन त्या सभेला जावे, दरफरक कसा ठरवला हे विचारावे आणि मिळालेल्या उत्तरावरूनच संस्थेत राहायचे की नाही ते ठरवावे.