वाचकांचे प्रश्न : वॉशिंग मशीनचा तापमान सेन्सर

प्रश्न : आमचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन सहा वर्षांचे आहे. थंड पाण्याचा प्रोग्राम नीट पूर्ण होतो. पण ६० अंशांचा लावला की साधारण अर्ध्या तासाने मशीन थांबते आणि तापमानाच्या बिघाडाचा कोड दाखवते. मेकॅनिकने मशीन न उघडताच पीसीबी (मशीनचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बदलावा लागेल, असे सांगितले. आमच्याकडे बोअरचे पाणी येते. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मशीन न उघडता दिलेला हा निर्णय आपण स्वीकारू नये. पाण्याचे अपेक्षित तापमान पीसीबीपर्यंत पोहोचले नाही, एवढेच तो कोड सांगतो. त्याचे कारण सेन्सर, त्याची वायर, हीटर किंवा स्वतः पीसीबी यांपैकी काहीही असू शकते. यांत पीसीबी सर्वांत महाग असल्याने त्याची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी.

मशीन अर्ध्या तासाने थांबते, ही आपण दिलेली माहिती फार उपयोगाची आहे. सेन्सर पूर्णपणे तुटला किंवा शॉर्ट झाला असता, तर बहुतेक मशीनमध्ये कोड सुरुवातीलाच किंवा पाणी तापवण्याची वेळ येताच दिसतो. २,००० वॅटच्या हीटरला १२ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास हिशेबाने पंधरा मिनिटे लागतात आणि कपडे व ड्रम तापत असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. तेव्हा मशीन थांबताच दाराच्या काचेला जपून हात लावून पाहावा. काच थंडच असेल, तर संशय हीटरकडे जातो. ती चांगली तापलेली असेल, तर पाणी गरम होऊनही सेन्सर ते नीट कळवत नाही, असे समजावे.

पुढील तपासणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग सॉकेटमधून काढावा, काही मिनिटे थांबावे आणि खालच्या फिल्टरमधून पाणी सोडून द्यावे. हीटर ड्रमच्या खाली, काही मॉडेलमध्ये मागच्या तर काहींत पुढच्या पत्र्याआड असतो आणि सेन्सर बहुधा त्याच्याच रबरी गॅस्केटमध्ये खोचलेला असतो. प्रथम डोळ्यांनी पाहावे. उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा हिरवट गंज चढलेला कनेक्टर, एवढ्यावरच अनेकदा दुरुस्ती संपते.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढले की त्याचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स) कमी होतो. २५ अंशांना १० किलोओहम असलेला नेहमीच्या वापरातील थर्मिस्टर ४० अंशांना सुमारे ५.३ आणि ६० अंशांना सुमारे २.५ किलोओहम दाखवतो. मात्र मूळ आकडा कंपनीगणिक वेगळा असल्याने आपल्या मॉडेलचा तक्ता पाहणे आवश्यक आहे. कनेक्टर काढून मल्टिमीटरने सेन्सर आधी थंड असताना मोजावा, मग तो बाहेर काढून त्याचे टोक गरम पाण्याच्या पेल्यात बुडवावे आणि आकडा खाली येताना पाहावा. तो सलग उतरला तर सेन्सर बहुधा ठीक आहे; मध्येच उड्या मारू लागला, तर आत तडा गेला आहे, मग थंड असताना आकडा कितीही बरोबर का येईना. त्याच वेळी हीटरच्या दोन टोकांमधील रोधही मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १,८०० ते २,००० वॅटच्या हीटरचा तो २६ ते ३० ओहमच्या आसपास असतो आणि कोणत्याही टोकापासून अर्थिंगपर्यंत जोड मिळता कामा नये.

यानंतरची मोजणी अनेकदा टाळली जाते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. सेन्सर पुन्हा जोडून त्याचा रोध पीसीबीच्या बाजूच्या कनेक्टरवर मोजावा. सेन्सरपाशी मिळालेला आकडा तिथे मिळत नसेल, तर दोष वायरचा आहे. सेन्सर व वायर निर्दोष, हीटरचा रोधही बरोबर आणि तरीही कोड येत असेल, तरच पीसीबीकडे, विशेषतः त्यावरील हीटरच्या रिलेकडे, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे वळावे.

बोअरच्या पाण्याचा आपण केलेला उल्लेख योग्य आहे. जड पाणी तापले की त्यातील क्षार हीटरवर आणि सेन्सरच्या टोकावर थर धरतात. जाड पांढऱ्या थरातून उष्णता उशिरा पोहोचते आणि सेन्सर मागे पडतो. सेन्सरवर फक्त क्षार असतील, तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात टोक बुडवून ठेवावे, खरवडू नये. हीटर काढला असेल, तर परत बसवताना त्याचे आतले टोक टबमधील पट्टीत अडकले आहे याची खात्री करावी. ते सुटे राहिले तर हीटर ड्रमला घासतो. गॅस्केटला तेल न लावता साबणाचे पाणी लावावे. पत्रा बसवल्यावर मशीनखाली कागद पसरून एक थंड प्रोग्राम चालवावा आणि गळती नाही हे पाहूनच गरम प्रोग्राम लावावा.

प्रश्न : नवा सेन्सर मिळेपर्यंत त्या जागी साधा रेझिस्टर जोडून मशीन चालवता येईल, असे एका दुकानदाराने सांगितले. ते चालेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : कृपया तसे करू नका. रेझिस्टरचा आकडा बदलत नसल्याने पाणी उकळू लागले तरी पीसीबीला ते २५ अंशांचेच वाटेल आणि हीटर चालूच राहील. पाणी तापवण्याच्या वेळेवरील मर्यादा किंवा हीटरमधील थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज) वाचवेल, यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण टब प्लॅस्टिकचा असतो. सेन्सर येईपर्यंत थंड प्रोग्राम चालत असेल तर तेवढाच वापरावा.