बिडी कमी केली अन खोकला वाढला, माझं बी असंच झालं होतं

भाऊ, तू लिवलं का वीस-बावीस बिड्यांवरून पाच-सहावर आलो, महिना झाला, अन खोकला कमी व्हायचा सोडून वाढूनच राहिला, सकाळी काळपट बेडका पडते. पहिले हे ऐक, खोकला वाढला म्हणून परत पेटवू नको. श्वासनळीत बारीक केसांचा झाडू असते, धुरानं तो लुळा पडते, धूर कमी झाला का हळूहळू हलाले लागते अन साचलेला मळ वर ढकलते. काही आठवडे हे चालते.

पण याच गोष्टीनं मी फसलो न बाप्पा! सफाई चालू हाय म्हणत दीड महिना काढला, तुरी काढायचे दिवस, थ्रेशरचा भुसा नाकातोंडात, त वाटलं त्याचाच असन. एका डॉक्टरनं खोकल्याची बाटली दिली, मंग दुसरी दिली, बेडका तपासा म्हणून काही बोलला नाही. संध्याकाळी अंग कोमट, पॅन्ट ढिली. शेवटी आशाताई मागे लागली, आरोग्य केंद्रात गेलो, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, फुकट भेटल्या.

म्हणून दोन आठवड्यांच्या वर खोकला असला त बेडका तपासाच, तुझा त महिना झाला. सकाळी चूळ भरून छातीतून खाकरून काढलेला द्यायचा, नुसती थुंकी चालत नाही. एक्स-रे बी काढून घे. बेडक्यात रक्त दिसलं, अगदी धाग्याएवढं, नाही त बसल्या जागी दम लागला, त त्याच दिवशी जा. टीबी नाही निघाला अन चढावर दम लागत असन, त फुंकायच्या मशीनवरची तपासणी विचार, बिडीनं नळ्या आकसल्या का ते त्यात समजते, त्यासाठी जिल्ह्याले जावं लागन बहुतेक.

अन पाच बिड्या म्हणतो, पण ओढतो कशा ते पाय. कमी केली का माणूस लांब कश मारते, थुटूक बोटाले चटका देईपर्यंत सोडत नाही, मी केलं हाय हे. बिडी त तशीबी विझू नये म्हणून घडीघडी जोरानं ओढावी लागते. म्हणजे मोजणीत पाच, छातीत किती कोण जाणे. पुरी सोडलेलीच बरी. तिच्या जागी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेला, धरू नको फक्त, आमच्या गावात अर्ध्यांनी तेच केलं, आता तोंड उघडत नाही, भाकर चुरून खातात. तलफ आवरत नसन त 1800-11-2356 वर फोन लाव, पैसे लागत नाही.

बेडक्याचा रिपोर्ट आला का इथंच सांग.